सातबाऱ्यावर नाव आहे, मग आणखी काय पाहायचं?

या पानासाठी पत्रं अमळनेरच्या माझ्या ऑफिसात येतात. काही टपालानं, बरीचशी मोबाइलवर फोटो काढून. या महिन्यात सगळी घराची आणि जागेचीच निघाली. सव्वीस वर्षं दिवाणी वकिली करते आहे आणि माझे वडील दस्तलेखक होते, त्यामुळे शाळेत जायच्या आधीपासून ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द माझ्या कानावर आहेत. तरीही पारोळ्याच्या गुरुजींचं पत्र वाचून मी जेवण बाजूला ठेवलं. म्हणून त्यांनाच आधी उत्तर देते.

पारोळा तालुक्यातून एक शिक्षक विचारतात: जळगाव शहराबाहेर १,५०० चौरस फुटांचा प्लॉट पसंत केला आहे. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव आहे, उतारा स्वच्छ आहे. एजंट म्हणतो, ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी करू, २ लाख रोख बयाणा द्या, खरेदीखत दिवाळीनंतर. आणखी काय पाहायला हवं?

गुरुजी, पैसे अजून दिले नसतील तर थांबा. दिले असतील तर हे पान वाचून झाल्याबरोबर फोन करा.

तुम्ही उताऱ्याचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. तो मी मोठा करून पाहिला. पहिली गोष्ट, तो तुमच्या प्लॉटचा सातबारा नाहीच. तो अख्ख्या गटाचा आहे, क्षेत्र १ हेक्टर ६२ आर. दुसरी गोष्ट, उजवीकडे ‘इतर हक्क’ नावाचा रकाना आहे. तिथे बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. एक, विविध कार्यकारी सोसायटीचा इकरार, १,४०,००० रुपये. दोन, ‘कु. का. कलम ४३ च्या बंधनास पात्र’. याला स्वच्छ उतारा म्हणत नाहीत. आपल्याकडे लोक नाव वाचतात, क्षेत्र वाचतात आणि कागद घडी करून खिशात घालतात. इतर हक्काचा रकाना वाचायचा राहतो, आणि पुढे सगळी भांडणं तिथूनच निघतात.

सोसायटीच्या ओळीचा अर्थ असा, की शेतकऱ्यानं पीककर्जासाठी जमीन तारण लिहून दिली आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे तो बोजा जमिनीवर बसतो आणि कर्ज फिटेपर्यंत परवानगीशिवाय केलेली विक्री टिकत नाही. कदाचित कर्ज कधीच फिटलं असेल आणि नोंद काढायची राहिली असेल. आपल्या केळीच्या पट्ट्यात असं सर्रास दिसतं. मग विकणाऱ्यानं सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला आणावा, तलाठ्याकडे द्यावा, फेरफार (नोंदीतला बदल) होऊन बोजा कमी झालेला नवा उतारा तुमच्या हातात ठेवावा. हे काम त्याचं आहे, तुमचं नाही. आणि ते बयाण्याच्या आधी व्हायला हवं.

कुळकायद्याची ओळ जास्त जड आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यानं कसणाऱ्या कुळाला जमीन मालकीनं मिळाली, पण कलम ४३ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय विकता येत नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली: कलम ३२ म चं खरेदी प्रमाणपत्र मिळून १० वर्षं झाली असतील, तर आकारणीच्या ४० पट नजराणा, म्हणजे शासनाला द्यायची रक्कम, भरून विक्री करता येते. आकारणी म्हणजे जमीन महसूल, तो एकराला काही रुपयांचाच असतो, त्यामुळे रक्कम किरकोळ निघते. पण ती भरलेली नसेल तर तुमचं खरेदीखत कच्चं राहतं. ३२ म चं प्रमाणपत्र मागा, नजराण्याचं चलन मागा. ‘आहे हो, घरी आहे,’ यावर विसंबू नका.

आता मूळ मुद्दा. सातबारा हा मालकीचा कागदच नाही. तो महसुलाचा अभिलेख आहे: जमीन कोणाच्या नावे, कोण कसतो, काय पिकतं, सारा कोण भरतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. मालकी येते खरेदीखतानं, वारशानं, वाटपानं, दानपत्रानं, मृत्युपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकमानं. म्हणून त्या माणसाचं नाव तिथे आलं कसं, हे शोधायचं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक छापलेले असतात. ते एकेक घेऊन जुने फेरफार काढा आणि ३० वर्षं मागे जा. दुय्यम निबंधक कार्यालयातून तेवढ्याच वर्षांचा शोध घ्या, सूची क्रमांक दोनच्या (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याच्या) नकला घ्या. एखाद्या फेरफारात ‘मयत अमुक यांचे वारस’ असं लिहिलेलं दिसलं की तिथे बोट ठेवून थांबा. बहिणींची नावं आहेत का? आईचं आहे का? नसतील तर उद्या त्या उभ्या राहू शकतात, आणि त्यांचं उभं राहणं योग्यच असेल.

उतारा गटाचा आहे म्हटल्यावर आणखी एक विचारा: रेखांकन, म्हणजे प्लॉट पाडल्याचा लेआउट, मंजूर आहे का? अकृषिक परवानगीचा आदेश आणि मंजूर नकाशा असेल, तर प्लॉटवार वेगळे उतारे निघतात आणि नकाशात रस्ते, खुली जागा दाखवलेली असते. क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर असेल, तर प्लॉटच्या योजनेलाही महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. १ मे २०१७ च्या आधी पूर्ण झालेल्या योजना सोडून. यातलं काहीच नसेल, तर तो माणूस तुम्हाला शेताचा तुकडा विकतो आहे. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. २०२३ च्या अधिसूचनेनं आपल्याकडे बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे कमीतकमी क्षेत्र धरलं. १,५०० फूट म्हणजे दीड गुंठ्यालाही कमी. अलीकडे जुन्या तुकड्यांना सवलत देणारे बदल झाले आहेत, पण ते तुमच्या गटाला लागू आहेत का हे तहसील कार्यालयाला लेखी विचारा, एजंटला नाही.

आर आणि गुंठा हेही नीट समजून घ्या. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ फूट. गुंठा १,०८९ फुटांचा. फरक थोडा वाटतो, पण ‘एक आर म्हणजे एक गुंठाच’ असं धरून लिहिलेल्या दस्तांत फूटभर जागेसाठी कुंपणं हललेली मी पाहिली आहेत. खरेदीखताच्या चतुःसीमा जागेवर उभं राहून वाचा. पूर्वेस ९ मीटर रस्ता लिहिला असेल, तर पूर्वेला तोंड करून रस्ता दिसतो का ते पाहा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका अशिलाचा दस्त ऑफिसात बसून तपासला, कागद सगळे बरोबर होते. पावसाळ्यात तो मला जागेवर घेऊन गेला. रस्ता जिथे लिहिला होता तिथून नाला वाहत होता. त्या माणसानं आयुष्यभराची कमाई तिथे ओतली होती. त्या दिवसापासून जागा न पाहता मी सही करत नाही.

आता नोटरी. नोटरीचा शिक्का सांगतो, की सही करणारा समोर आला होता. त्यानं नोंदणी होत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा, दोन्ही तेच सांगतात. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो. साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करायचं असेल तर तेही नोंदणीकृतच करा. त्यात ताबा देण्याचं कलम असेल तर मुद्रांक पूर्ण भरावा लागतो, हे आधी हिशोबात घ्या. पुढे खरेदीखताच्या वेळी तो धरला जातो. आणि रोख? जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. तुमच्याकडे मात्र ना पावती राहते ना साक्षीदार. चेकनं द्या किंवा बँकेतून पाठवा.

तुम्ही लिहिलंत, ‘माणूस ओळखीचा आहे.’ म्हणून एक घरची गोष्ट सांगते. वडिलांनी १९८७ साली धुळ्याच्या हद्दीबाहेर एक प्लॉट ठरवला. किंमत १८,००० रुपये, साठेखताला ११,००० दिले, वर्षाच्या आत खरेदीखत करायचं ठरलं. विकणारा त्यांचा मित्र. वर्ष गेलं, मित्र म्हणाला बहिणीचं लग्न आहे. पुढे म्हणाला पाऊस नाही. वडील दुसऱ्यांचे दस्त लिहीत राहिले आणि स्वतःचं साठेखत कपाटात राहिलं. १९९३ मध्ये मित्र गेला, मुलांनी ओळख दाखवली नाही. कोर्टात गेलो तेव्हा मुदत संपलेली होती: करार पुरा करून मागायला ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं मिळतात, ती १९९१ लाच गेली होती. प्लॉट गेला, ११,००० गेले. ते साठेखत अजून माझ्याकडे आहे. वडिलांचं अक्षर इतकं सुंदर, की ओळीवरची एक मात्रा हललेली नाही. साठेखतानं जागेत हक्क निर्माण होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मधलं वाक्य मी कॉलेजात शिकायच्या आधी आईच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.

तर गुरुजी, आधी बेबाकी, मग नजराणा, मग मंजूर नकाशा, मग शोध, मग मोजणी. बयाणा त्याच्या नंतर. एजंट म्हणेल, ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.’ असू द्या.

धुळ्याहून एक वाचक: घर बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात किती वाचतात?

१ टक्का. २०२१ पासून ही सवलत आहे, पण घर किंवा सदनिका फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर हवी. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतली तर मिळत नाही, मोकळ्या प्लॉटलाही नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. आणि घर आधीच तुमच्या नावावर असेल, तर पत्नीला, मुलाला किंवा मुलीला राहत्या घराचं दानपत्र २०० रुपयांच्या मुद्रांक शुल्कात करता येतं. महापालिकेचा अधिभार वेगळा. पण दादा, नाव लावलं की घर ताईंचं. पैसे वाचवण्यापुरतं नाव लावून पुढे ‘माझंच आहे’ म्हणायला माझ्याकडे येऊ नका.

चोपडा तालुक्यातून एक शेतकरी: गावठाणात आजोबांचं धाब्याचं घर आहे. पाडून नवीन बांधायचं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आमच्या नावावर आहे, घरपट्टी भरतो. बँक म्हणते यावर कर्ज होणार नाही. जुना एक कागद आहे, तो कोणालाच वाचता येत नाही.

आबा, बँक बरोबर सांगते आहे. नमुना ८ ही कर आकारणीची यादी. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते. भाडेकरूचं नावही तिथे लागलेलं मी पाहिलं आहे.

तुमच्या कागदाचा फोटो पाहून मला वडिलांची आठवण झाली. तो मोडीतला दस्त आहे. वरच्या छापील ओळीत ‘जिल्हा पूर्व खानदेश’ आहे, म्हणजे हे कागद १९०६ नंतरचे: तेव्हा खानदेशाचे दोन भाग झाले, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. तुमचा कागद घडीवर फाटलेला आहे आणि फाट नेमकी चतुःसीमांवरून गेली आहे. ‘दक्षिणेस’ च्या पुढचं नाव घडीनं खाल्लं आहे. त्याला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती अक्षरासकट निघते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनही ठेवू नका, आत दमटपणा धरतो. सपाट पुठ्ठ्यात ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या. मग दुय्यम निबंधकाकडे त्या दस्ताची नक्कल मिळते का पाहा. नोंदवलेला असेल तर त्यांच्या पुस्तकात घडी पडलेली नसते.

कर्जासाठी तुम्हाला मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) लागेल. गावठाणातल्या घरांना आजवर बहुतेक ठिकाणी ते नव्हतं, म्हणून केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. ड्रोननं गावठाणाची मोजणी होते, चौकशी होते, मग पत्रक आणि सनद मिळते. तुमच्या गावाची मोजणी झाली आहे का हे तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात विचारा. झाली असेल तर नकाशावर आपलं घर बोटानं दाखवा आणि हद्द तपासा. आपल्या धाब्याच्या घरांना शेजाऱ्याशी सामाईक भिंत असते, पन्हाळाचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं याचे जुने करार तोंडी असतात, ओटा कधी वाढवला ते कोणाला आठवत नाही. ड्रोनला वरून फक्त छप्पर दिसतं. भिंतीची कोणती बाजू कोणाची हे चौकशीत सांगावं लागतं. म्हणून घर पाडायच्या आधी हे काम करा. भिंत एकदा पडली की पुरावाही पडला. पाडण्याआधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन मोजमाप करा, फोटो काढा आणि त्याची सही घ्या.

तुम्ही लिहिलंत, काकांची मुलं म्हणतात, ‘मना बापनं बी घर शे,’ म्हणजे माझ्या बापाचंही घर आहे. ते खरंच तसं असेल तर कर्ज काढायच्या आधी वाटपपत्र नोंदवा. त्यांची सही नसलेल्या जागेवर बांधलेली भिंत तुम्हालाच झोपू देणार नाही.

नंदुरबार जिल्ह्यातून एक व्यापारी: आदिवासी शेतकऱ्याची रस्त्यालगतची १० गुंठे जमीन घरासाठी मिळते आहे. विक्री होत नाही म्हणून ९९ वर्षांचा भाडेपट्टा नोटरी करून द्यायला तो तयार आहे. काही अडचण?

हो, पूर्ण अडचण. करू नका.

जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीनं, दानानं, अदलाबदलीनं, गहाणानं किंवा भाडेपट्ट्यानं मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्याहून जास्त मुदतीला शासनाची पूर्वमान्यताही लागते. मंजुरी देण्याआधी गावात आणि ५ किलोमीटरच्या आत दुसरा कोणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार आहे का, तेही पाहावं लागतं. नोटरी केलेला ९९ वर्षांचा पट्टा यातल्या एकाही पायरीवर टिकणार नाही. जमीन शासनाकडे जाईल आणि मूळ मालकाला परत दिली जाईल. तुमचं घर त्यावर उभं असलं तरी.

हा कायदा कशासाठी आला हे शहाद्या-तळोद्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. पोतंभर धान्याच्या उसनवारीवर, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यावर शेकडो एकर गेले होते. म्हणून १९७४ मध्ये जमिनी परत देण्याचा वेगळा कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्याला आज पैशाची नड असेल, म्हणून तो ‘तयार’ आहे. तुम्ही दुसरीकडे जागा घेऊ शकता. त्याला दुसरी जमीन मिळणार नाही.

भुसावळहून एका इमारतीचे रहिवासी: १४ सदनिका, संस्था नोंदवून ९ वर्षं झाली. बिल्डर जमीन संस्थेच्या नावावर करून देत नाही, आता फोनही घेत नाही. प्रत्येकाचं खरेदीखत आहे, मग बिघडलं काय?

सदनिका तुमच्या, पण खालची जमीन अजून त्याच्या नावावर आहे. इमारत जुनी होऊन पाडायची वेळ आली, किंवा त्यानं मोकळ्या भागावर काही करायचं ठरवलं, की हा फरक कळतो. मोफा, म्हणजे सदनिकांच्या मालकीबद्दलच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून ४ महिन्यांत त्यानं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर, करून द्यायला हवं होतं. आता मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते करून मिळण्याचा अर्ज करा. तो नमुना ७ मध्ये, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. बिल्डर आला नाही तरी सुनावणी होते, आणि कायद्यानं ६ महिन्यांच्या आत निकाल द्यायचा आहे. मिळालेला आदेश आणि दस्त नोंदवून, मुद्रांकाचं बघून, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर संस्थेचं नाव लागेपर्यंत काम संपलं असं समजू नका. बरेच जण आदेश मिळाला की पेढे वाटतात आणि तिथेच थांबतात.

प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशा आणि सभासदांची यादी एका फाईलमध्ये गोळा करा. चौदा घरांतले दोघं कायम म्हणतात, ‘आमचं काय अडलंय?’ त्यांच्याकडे आधी जा. मात्र त्याआधी तुमचा करार एकदा वाचा. आपल्याकडे बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून बांधलेल्या असतात. तिथे रस्ता वेगळा आहे आणि संस्था कशी नोंदली गेली हेच आधी पाहावं लागेल.

सुरतहून एक बहीण: माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात. वडील २००१ मध्ये गेले. आई आहे, दोन भाऊ आहेत. गावात घर आणि ४ एकर कोरडवाहू. सातबाऱ्यावर मोठ्या भावाचं नाव आहे, पुढे ‘ए. कु. मॅ.’ लिहिलं आहे. तो म्हणतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येशील तेव्हा हक्कसोडपत्रावर सही कर, वाचायची गरज नाही, लग्नात तुझ्यावर खर्च केला आहे. सही केली नाही तर माहेर तुटेल का?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सुरतच्या उधना-लिंबायतकडून अशी पत्रं दरवर्षी चैत्रात येतात. आखाजी म्हणजे झोका, खापरावरच्या पोळ्या, आईच्या हातचं. त्याच दिवशी तालुक्याला न्यायचं आणि कागदावर सही घ्यायची, हे मला मान्य नाही. हे आधी सांगते, मग कायदा सांगते.

‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. भाऊ कुटुंबातर्फे नाव लावून आहे, एकटा मालक म्हणून नाही. ती तीन अक्षरंच तुमच्या बाजूनं बोलतात. वडील गेल्यावर वारस म्हणून आई, दोन्ही भाऊ आणि तुम्ही, चौघांची नावं लागायला हवी होती. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल, तर १९५६ च्या वारसा कायद्यानं चौघांना सारखा वाटा, चौथा हिस्सा. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं आहे. मग वडील, आई आणि तुम्ही तिघं असे पाच वाटे, आणि वडिलांचा पाचवा तुम्हा चौघांत. तोही हिशोब करून पाहा, चौथा हिस्साच येतो. म्हणजे एक एकर आणि घरातला चौथा भाग. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टातून वाटप झालेलं असेल तरच गोष्ट वेगळी. तोंडी वाटणीचं नुसतं सांगणं पुरत नाही. लग्नाच्या खर्चानं हक्क फिटतो असं कोणत्याही कायद्यात नाही.

हक्कसोडपत्र नोंदवलं की ते परत घेता येत नाही. फसवून सही घेतली असं म्हणायचं तर दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, तोही कळल्यापासून ३ वर्षांत, आणि सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. हक्कसोडपत्राला मुद्रांक फार नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. कागद स्वस्त आहे म्हणून सहज वाटतो. कधी हक्कसोडपत्राऐवजी कुलमुखत्यारपत्र पुढे करतात, ‘तुला सुरतहून यायला नको’ म्हणून. त्यावर तर मुळीच सही नको. त्या एका कागदानं भाऊ तुमच्या नावानं काहीही विकू शकतो.

मी तुम्हाला भावाशी भांडायला सांगत नाही. कोरडवाहूत राबणारा तो आहे, आईचं दुखणं-खुपणं बघणारी वहिनी आहे, हे तुम्हीच लिहिलं आहे. मनापासून सोडावंसं वाटलं तर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण मधल्या वाटाही आहेत. वारस नोंद करून घ्या, चौघांची नावं लागू द्या आणि शेती त्यालाच करू द्या. शेतीतला हिस्सा सोडून घरातला ठेवता येतो. हिश्श्याचे पैसे घेऊन सोडता येतं, रक्कम दस्तात लिहून आणि चेकनं. आणि काहीही झालं तरी आईचं नाव लागलंच पाहिजे. आज तिच्या नावावर काही नाही, हे पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला तीच ओळ सगळ्यात जड वाटली.

माहेर तुटेल का, हे मी सांगू शकत नाही. माझ्या ऑफिसात दोन्ही पाहिलं आहे. सही देऊन तुटलेलं माहेर पाहिलं आहे, आणि हिस्सा घेतल्यावर पुढच्या आखाजीला जिला न्यायला भाऊ स्वतः बस स्टँडवर आला, अशी बहीणही पाहिली आहे.

आखाजीला जरूर जा. पण आजच भावाला फोन करा आणि म्हणा, ‘दादा, कागदाचा फोटो आधी पाठव, मी वाचून येते.’ फोटो आला की गट नंबर, घर नंबर आणि कोणाच्या लाभात हक्क सोडायचा आहे ती ओळ नीट दिसेल असा माझ्याकडे पाठवा. तुम्ही सुरतहून निघायच्या आधी मी तुम्हाला उत्तर देईन.